गालावरचा हुकमाचा पत्ता

ताईशी भांडताना ठिपकीला तोंड कधी वापरावंच लागलं नाही. तिचं सगळं एका बोटावर भागायचं. कशावरूनही वाजलं की ती उजव्या हाताचं बोट उचलायची, उजव्या गालावर दोनदा टेकवायची आणि गप्प उभी राहायची. लाकडाच्या वखारवाल्यालासुद्धा घाम फोडणारी ताई मग बघता बघता विरघळायची. "बरं बाई, राहू दे, मी करते," म्हणायची आणि ठिपकीला जे काय करायचं नसेल ते करायला निघून जायची.

ठिपकीला बरंच काही करायचं नसायचं. संध्याकाळी ब्रश धुवायचे नसायचे. कपाट उचलताना जड बाजूला उभं राहायचं नसायचं. कुरकुऱ्या गिऱ्हाइकाला फोन करून "अजून दोन दिवस लागतील" हे सांगायचं नसायचं. या सगळ्याला तिच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते गालावर होतं.

दोघी बहिणी मिळून जुन्या फर्निचरला पॉलिश करायचा कारखाना चालवायच्या. कारखाना हे आपलं म्हणायला. एक लांबट खोली, एका टोकाला मोठी खिडकी, दुसऱ्या टोकाला मोरी, आणि मधे कायम कुणाचं तरी कपाट, कुणाची तरी खुर्ची, कुणाचं तरी पाय काढून आडवं पाडलेलं टेबल. खिडकीजवळची उजेडाची जागा अर्थात ठिपकीची. ताई मोरीकडच्या अंधारात डोळे बारीक करून काम करायची. ताईचं वय चव्वेचाळीस, ठिपकीचं एकोणचाळीस, आणि त्या डागाचं एकतीस.

डाग होता कोटाच्या मोठ्या बटणाएवढा. काळपट, कडेला निळसर झाक, हात लावला तर जरासा खरखरीत. त्याची कहाणी घरात सगळ्यांना पाठ होती. ठिपकी आठ वर्षांची आणि ताई तेरा वर्षांची असताना ताई चुलीवरून लाकूड चिकटवायच्या गरम सरसाचा डबा उचलून नेत होती. टेबलाच्या पायाला अडखळली, सरस उडाला तो थेट खाली खेळत बसलेल्या धाकट्या बहिणीच्या गालावर. वडिलांनी त्यावरूनच पोरीला ठिपकी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की दूधवाल्यापासून वखारवाल्यापर्यंत सगळे तिला ठिपकीच म्हणायला लागले. एकट्या ताईने ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. ती म्हणायची, राणी. आणि राणीसुद्धा राणीसारखीच वागायची, त्यात तिने काही कसूर ठेवली नव्हती.

एकूण काय, सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दवाखान्याचं काउंटर पॉलिशला आलं.

काउंटर जागेवरून हलवता येण्यासारखं नव्हतं, म्हणून दोघींनी ब्रश, चिंध्या आणि लाखेच्या पॉलिशची बरणी घेऊन तिकडेच तीन दिवस मुक्काम ठोकला. दवाखाना त्वचेचा. समोरच्या भिंतीवर गुळगुळीत गालांच्या बायकांची चित्रं, आणि त्यांच्याखाली लेझरने काय काय होतं त्याची माहिती. ठिपकीने त्या चित्रांकडे पाठ करून काम केलं. ताईने मात्र पॉलिशचा बोळा फिरवता फिरवता सगळी भिंत वाचून काढली. तिसऱ्या दिवशी काउंटरमध्ये तोंड दिसेल इतकी चमक आली, तेव्हा डॉक्टरीणबाई खूश होऊन बाहेर आल्या. तेवढ्यात ताईने त्यांना गाठलं.

"डॉक्टर, हिच्या गालाचं काही होईल का हो?"

डॉक्टरांनी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि लांबूनच बघितलं. "होण्यासारखं वाटतंय. पण नीट तपासल्याशिवाय नाही सांगणार. पुढच्या बुधवारी या."

ठिपकीने लगेच बोट उचललं आणि गालावर दोनदा टेकवलं.

"त्याच्यासाठीच तर जायचंय, राणी," ताई म्हणाली.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा हुकमाचा पत्ता वाया गेला.

पुढचा आठवडा ताईने कारखान्यात लेझरची शाळाच भरवली. दवाखान्यातून आणलेली माहितीपत्रकं तिने खिळ्याला टांगली, एक टाकाऊ फळी टेबलावर ठेवली आणि भावोजींना स्टुलावर बसवलं. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांचा टेम्पो होता, फर्निचरची ने-आण ते करायचे, आणि बायको काही समजावायला लागली की समजल्यासारखी मान हलवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"हे बघा," ताई म्हणाली, "तीन प्रकार आहेत. पहिला, वरचा थर पार सोलून काढणारा. म्हणजे आपला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. घासला की खालचं कोरं लाकूड वर. दुसरा, टाचणीने टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं पाडणारा. मधलं कातडं शाबूत राहतं, त्यामुळे लवकर भरून येतं. आणि तिसरा, वरून काही न फोडता आतल्या आत ऊब देणारा."

"मग तिसरा बरा," भावोजी म्हणाले. "न फोडणारा."

"तिसरा म्हणजे नुसतं फडकं मारणं! एवढा जुना डाग फडक्याने जातो का? पहिलाच हवा. खोल. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"माझ्या डोक्याचं काही होईल का गं त्या लेझरने?" भावोजींनी टकलावरून हात फिरवला.

"लेझरने केस जातात. तुमच्याकडे घालवायला काय उरलंय?"

ठिपकी खिडकीत बसून खुर्चीचा पाय घासत होती. "ताई, पण व्हिनिअरवर ऐंशी नंबर मारतेस का तू कधी?" तिने न राहवून विचारलं. व्हिनिअर म्हणजे साध्या फळीवर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पापुद्रा. तो एकदा घासून फाटला की फर्निचरचं वाटोळं. हे दोघींनाही अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होतं.

"तुझा गाल व्हिनिअर नाहीये."

"मग काय अखंड सागवान आहे?"

"मी जे बिघडवलं ते मीच नीट करणार," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम असा झाला की भावोजींनी मान हलवणं थांबवलं. "बाबा काय म्हणाले होते ते माझ्या कानात अजून आहे. मी मरायच्या आधी हा डाग गेलेला मला बघायचाय. आता पुढे बोलू नकोस."

ठिपकी पुढे बोलली नाही. ज्याच्या मनात चोर असतो त्याचं तोंड असंच बंद होतं.

तिच्या मनातला चोर एकतीस वर्षांचा होता, आणि आता त्याला उजेडात आणल्याशिवाय गोष्ट पुढे जायची नाही.

सरस उडाला होता हे खरं. पण उडाला होता एक थेंब. गालावर फोड आला तो मुगाच्या दाण्याएवढा. ताईने लगेच गार पाणी ओतलं आणि स्वतःच भोकाड पसरलं. तिथून पुढचे सहा दिवस ठिपकीच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. ताईने तिला आपली रंगांची पेटी दिली. पलंगावरची भिंतीकडची जागा दिली. तिचा गृहपाठ करून दिला, आणि तोही मुद्दाम चुका घालून, म्हणजे बाईंना संशय येऊ नये. सहाव्या दिवशी फोडावर खपली धरली. सातव्या दिवशी खपलीची कड सुटली आणि खालून स्वच्छ गुलाबी कातडी दिसायला लागली. "सुटले बाई, उद्या निघून जाईल," असं म्हणून ताई हसली आणि रंगांची पेटी परत घेऊन गेली.

खपली गेली की राज्य गेलं, हे आठ वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. मग तिने काय केलं? ती पॉलिशवाल्याची मुलगी होती, तिने तेच केलं जे रोज घरात होताना बघत होती. लाकडाला रंग धरायला हवा असेल तर आधी काय करायचं? घासायचं. दुपारी बाबा वखारीत आणि ताई शाळेत गेल्यावर तिने आरशासमोर बसून खपली काढली आणि पॉलिश पेपरचा जुना तुकडा घेऊन गाल घासला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पोरगी थांबली नाही. मग बाबांच्या डब्यातला काळा रंग चिंधीवर घेऊन लावला. वाळू दिला. वाळल्यावर दुसरा हात मारला, कारण एका हातात रंग कधीच सारखा बसत नाही असं बाबा म्हणायचे.

हे सगळं तिला आणखी एका आठवड्यापुरतंच हवं होतं.

पण गाल सुजला, पिकला, सणकून ताप भरला. बाबा तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले आणि परत आले ते तिला खांद्यावर घेऊनच. ताई दारात उभी होती. बाबा दमले होते, घाबरले होते. ते तिला म्हणाले, "जन्माचा डाग दिलास पोरीला." आणि ताईचं तोंड पांढरं पडलं. बाबांच्या खांद्यावरून ठिपकीने ते बघितलं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. तिने ठरवलं, ताप उतरला की सांगू. ताप उतरल्यावर ठरवलं, उद्या सांगू. आणि खरं बोलण्याचं असं असतं की एक दिवस उशीर झाला की ते दुप्पट जड होतं. दुप्पट, चौपट करत ते इतकं जड झालं की कपाटाच्या जड बाजूसारखं ठिपकीने त्याला हात लावणंच सोडून दिलं.

एकदा मात्र ती फार जवळ आली होती. अठराव्या वर्षी ताईला दुसऱ्या शहरात लाकूडकामाच्या मोठ्या शाळेत जागा मिळाली होती. ताई गेली नाही. "राणीला टाकून कशी जाऊ," म्हणाली. त्या दिवशी ठिपकीने गालाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. ती मोरीत जाऊन बसली होती, नळ सोडून, आणि खूप वेळ बाहेर आली नव्हती.

बुधवारी ताईने ठेवणीतला कुडता घातला. जणू तपासणी तिचीच होती.

डॉक्टरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठली औषधं चालू आहेत? उन्हात किती वेळ जातो? कापलं-खरचटलं की त्या जागी काळपट वण राहतो का? ओठावर तापाचे फोड येतात का? प्रत्येक प्रश्नाला ठिपकीने तोंड उघडायच्या आत ताईचं उत्तर तयार. औषध काही नाही, उन्हात टोपी घालत नाही कितीदा सांगितलं तरी, गुडघ्यावरचा लहानपणीचा वण अजून काळा आहे.

"त्यांना बोलू द्या ना जरा," डॉक्टर म्हणाल्या.

"ती लाजते."

ठिपकी लाजत नव्हती. तिची पाचावर धारण बसली होती.

मग डॉक्टरांनी दिवा लावलेलं भिंग गालाला टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. बोटाने कातडी ताणली, सोडली, पुन्हा ताणली. "हे कशानं झालं म्हणालात?"

ताईने खुर्चीवर पाठ ताठ केली. "माझ्या हातून झालं. गरम सरस उडाला. मी तेरा वर्षांची होते. माझं लक्ष नव्हतं." ती हे असं म्हणाली की कुणालाही कळावं, मनातल्या मनात तिने हे हजारदा म्हटलेलं आहे.

"फक्त सरस?"

"फक्त सरस."

"विचित्र आहे," डॉक्टर म्हणाल्या. "भाजल्याचा वण चकचकीत असतो, ताणलेला असतो. हा सपाट आहे आणि आतून निळसर दिसतोय. असं तेव्हा दिसतं जेव्हा कातडीच्या आत रंग असतो. गोंदल्यावर असतो तसा."

"आमचा सरस काळाच असायचा," ताई घाईने म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही तो पहिल्या नंबरचा लावा. पार सोलणारा. घरी बसावं लागलं तरी चालेल, कारखाना मी एकटी बघेन."

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "तुम्ही लाकडाचं काम करता म्हणून सांगते. डाग वरच्या थरात आहे की खोल मुरलाय हे न बघता तुम्ही रंधा मारता का? यांच्यासारख्या कातडीला वण काळे पडायची सवय आहे. खोल सोललं तर जुना डाग राहील आणि भोवती नवीन मोठा डाग पडेल. आत रंग असेल तर त्याला वेगळाच लेझर लागतो, रंगाचा भुगा करणारा. पण त्यातही एक गोम आहे. काही रंगांत लोखंडाचा अंश असतो, ते लेझरने जायच्या ऐवजी आणखी काळे होतात. तेव्हा आत काय आहे हे कळल्याशिवाय मी मशीन चालू करणार नाही."

"मग कळणार कसं?"

"कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"गालाचा?" ताईचा चेहरा पडला. मग तिने तो सावरला आणि ठिपकीचा हात हातात घेतला. "दुखेल थोडं, राणी. मी इथेच बसते. मला माफ कर हं. माझ्यामुळे तुला किती आणि काय काय सोसावं लागणार आहे अजून."

एवढं झालं आणि ठिपकीच्या आत काहीतरी तुटलं. गालाचा तुकडा काढतील याची भीती होतीच, खोटं बोलण्यात काय अर्थ आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ताईने माफी मागितली. तीही तिच्याकडे.

"काजळी," ठिपकी म्हणाली.

"काय?" डॉक्टर म्हणाल्या.

"आत काजळी आहे. काजळी आणि स्पिरिट. बाबा घरी करायचे तो काळा रंग. दोन हात दिले होते."

"दोन हात?"

"एक वाळल्यावर दुसरा."

डॉक्टरांनी पेन उचललं. बाई मोठी कामाची होती, तिने आधी माहिती घेतली. "रंग लावायच्या आधी कातडी फाटलेली होती?"

"घासली होती. एकशेवीस नंबरच्या पेपरने. पण जुना तुकडा होता, बराच गुळगुळीत झालेला."

"कुणी घासली?"

"मी."

"त्यात लाल मातीचा रंग वगैरे? त्यात लोखंड असतं. नीट आठवा, हे महत्त्वाचं आहे."

"नाही. तो वरच्या फळीवर असायचा. माझा हात पोहोचला नाही."

"नशीब समजा," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या. "काजळी लेझरचं चांगलं ऐकते."

ठिपकीने ताईकडे बघायचं टाळलं. तिने या क्षणाची एकतीस वर्षं तालीम केली होती. ताई ओरडेल, तोडून बोलेल, उठून जाईल, पुन्हा तोंड बघणार नाही, सगळं तिने मनात करून ठेवलं होतं. पण ताई ओरडली नाही. तिने अगदी हळू विचारलं, "सरसाचा फोड केवढा होता?"

"मुगाएवढा. सातव्या दिवशी खालून गुलाबी कातडी आली होती. तू बघितली होतीस, ताई. तू हसली होतीस."

"हो. हसले होते." ताईने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. ते मांडीवर पालथे पडले होते, नखांत कालचं पॉलिश होतं. "म्हणजे जन्माचा डाग मी नाही दिला?"

"नाही."

"मी नाही दिला?"

"नाही गं, ताई."

"मी नाही," ताई म्हणाली, आणि तिसऱ्यांदा तो प्रश्न राहिला नव्हता. मग ती रडायला लागली. सरस उडाल्यावर रडली होती तशी, तोंड उघडं टाकून, तेरा वर्षांच्या मुलीसारखी. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि आपलं काउंटर किती छान झालंय हे बघायला त्या बाहेर निघून गेल्या.

ठिपकीला त्या क्षणी जे कळलं ते फार वाईट होतं. तिला आजवर वाटायचं, आपण ताईकडून ब्रश धुवून घेतले, जड बाजू उचलून घेतली, उजेडाची जागा घेतली. ती लबाडी होती, पण बहिणीबहिणींत खपून जाण्यासारखी. खरं तर तिने ताईचे हात घेतले होते. त्या हातांना त्यांनी न केलेलं पाप चिकटवून ठेवलं होतं. आणि ते सोडवायला एक वाक्य पुरणार होतं. ते कुठल्याही दिवशी म्हणता आलं असतं, चहा पिता पिता.

"ताई, मला वाटायचं, डाग गेला तर तू माझी एवढी राहणार नाहीस," ती म्हणाली. तिचंही नाक वाहायला लागलं होतं.

ताईने रुमालात जोरात नाक शिंकरलं. "डाग यायच्या आधी आठ वर्षं तुला कोण सांभाळत होतं? शेजारीण?"

एकतीस वर्षांत हा साधा हिशेब ठिपकीच्या डोक्यात आला नव्हता.

"आणि तू शिकायला गेली नाहीस ते?"

"ते माझं मी ठरवलं. मला इथला वास सोडवत नव्हता, लाखेचा. तुझं नाव पुढे केलं, कारण बाबांना ते पटलं असतं. सगळंच आपल्या गालावर नको लावून घेऊस."

ते अगदी सगळं खरं होतं की थोडं ठिपकीच्या जिवासाठी होतं, हे ठिपकीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

राग आला तो पायऱ्या उतरल्यावर, फुटपाथवर. ताई चालता चालता थांबली. "म्हणजे एकतीस वर्षं," ती म्हणाली, "रोज संध्याकाळी. हिवाळ्यात सुद्धा. गार पाण्यात. ते ब्रश!" आणि तिने लेझरच्या माहितीपत्रकांची गुंडाळी करून ठिपकीच्या पाठीत असा धपाटा घातला की समोरून येणारे एक गृहस्थ रस्ता ओलांडून पलीकडे गेले. ठिपकीने दुसराही मुकाट्याने खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी ताईला हसू फुटलं. "दोन हात दिले म्हणे. एक वाळल्यावर दुसरा! बाबा असते तर कौतुकच केलं असतं मेलीचं."

डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी कानाच्या पुढे, डागाच्या अगदी कडेला, मसुराएवढ्या जागेवर लेझर मारून बघितला आणि महिनाभर थांबायला सांगितलं. ताईला ते एकदम पसंत पडलं. कुठल्याही फर्निचरला नवीन पॉलिश लावायचं तर ती आधी टेबलाच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघायची. महिन्याने मसुराएवढी ती जागा फिकी पडली होती, काळी झाली नव्हती. मग ठरलं. चार-पाच बैठका रंगाचा भुगा करणाऱ्या लेझरच्या, दोन बैठकांत दीड-दोन महिन्यांचं अंतर. आणि खरखर उरलीच तर शेवटी तो टाचणीसारखा टोचणारा, हलक्या हाताने, एकदा किंवा दोनदा. पार सोलणाऱ्याचं नावही कुणी काढलं नाही.

पहिल्या बैठकीत रबर ताणून सोडल्यावर बसतात तसे चटके बसले. ठिपकीने ओठ चावला. दोन दिवसांनी डागावर पातळ खपली धरली. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, मलम लावा, ऊन टाळा, आणि काहीही झालं तरी खपलीला हात लावायचा नाही, ती आपोआप गळू द्यायची. हे बोलताना त्यांनी ठिपकीकडे बघितलं नाही. त्यांनी सरळ ताईकडे बघितलं.

खपली धरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकी कारखान्यात आली तर कामाच्या टेबलावर पॉलिश पेपर नाही. खणात नाही. खिळ्यावर नाही. रंगांचे डबेसुद्धा एकूण एक गायब. कोपऱ्यातल्या, कुणीतरी सोडून गेलेल्या लोखंडी कपाटाला मोठं कुलूप लागलं होतं, आणि किल्ली ताईच्या गळ्यात दोरीने लोंबत होती.

"ताई, त्या वकिलांची सहा खुर्च्यांची ऑर्डर आहे. घासायला पेपर दे."

"खपली पडल्यावर."

"अगं, मी एकोणचाळीस वर्षांची आहे!"

"तेव्हा आठ वर्षांची होतीस आणि एवढी कारागिरी केलीस. आता तर तुझा हात बसलेला आहे."

तेवढ्यात वकिलांचाच फोन आला. ताईने तो उचलला आणि गंभीर आवाजात सांगितलं की खुर्च्या आठ दिवस उशिरा मिळतील, आमच्याकडे एक खपली पडायची आहे. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही, लाकडाची नाही," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने आपली अवजारं उचलली, मोरीकडच्या अंधारातून खिडकीजवळ आणली आणि ठिपकीच्या जागेवर ऐसपैस बसली. आजवर अंधारातच बघितलेला खुर्चीचा एक हात तिने पहिल्यांदा उजेडात बघितला आणि खूश होऊन नुसती बघत राहिली. मोरीत कालचे ब्रश पडले होते, स्पिरिटमध्ये भिजत.

ठिपकी ब्रशांकडे बघत उभी राहिली. सवयीने तिचं बोट वर आलं, पण गालाला हात लावायला बंदी होती, ते हवेतच थांबलं.

ताईने तिच्याकडे बघितलं. आपल्या स्वतःच्या, कुठलाही डाग नसलेल्या गालावर बोट दोनदा टेकवलं.

"ठिपके," ती म्हणाली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, "ब्रश धू."

ठिपकीने बाह्या वर केल्या आणि नळ सोडला. पाणी चांगलंच गार होतं.